अ‍ॅन आर्बरचे नोव्ही मास्तर

१८८८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे दोघे जण बर्लिनला पोचले. त्यातले वयाने मोठे व्हिक्टर व्हॉन, वैद्यकीय शाळेतले प्राध्यापक. दुसरे फ्रेडरिक नोव्ही. वय तेवीस, शिक्षण रसायनशास्त्राचं, डॉक्टरकीची पदवी अजून पदरात पडायची होती. दोघांनाही रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून बसायचं होतं. कॉख तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. १८७६ मध्ये अँथ्रॅक्स, १८८२ मध्ये क्षय आणि १८८४ मध्ये थेट कलकत्त्याच्या तळ्याकाठी येऊन कॉलरा, अशा तीन रोगांचा मूळ धागा त्यांनी जंतूंपर्यंत नेऊन भिडवला होता. जंतूंमुळे रोग होतो हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी वाचलेलं होतं, पण जंतू स्वतःच्या हातांनी वाढवून पाहिलेले डॉक्टर तिथे मोजकेच होते.

नोव्हींचा जन्म १८६४ चा, शिकागोचा. आईबाप बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून आलेले. वडील शिंपीकाम करत. पोराला लहानपणापासून रसायनांचं वेड. मिशिगनमध्ये पदवी घेतली, एम.एस.साठी कोकेनवर काम केलं, आणि तिथून व्हॉन यांच्या हाताखाली आले. रसायनशास्त्रातून जंतुशास्त्रात आलेला माणूस हा एक वेगळा प्रकार असतो. डॉक्टर आधी रोग्याकडे बघतो. रसायनवाला आधी विचारतो, ‘तुमचा नमुना शुद्ध आहे का?’ नोव्ही हा प्रश्न पुढची सत्तर वर्षं विचारत राहिले. त्यांच्या नावावर कॉखसारखा एकही गाजलेला शोध नाही. तरी त्यांचं आयुष्य वाचण्यासारखं आहे ते याच एका प्रश्नामुळे.

हा प्रश्न इतका अवघड का, ते आधी पाहू. निसर्गात जंतू एकेकटे राहत नाहीत. रोग्याच्या थुंकीच्या एका ठिपक्यात डझनभर प्रकारचे जंतू असतात. तो ठिपका मांसाच्या पातळ सूपमध्ये टाकला तर सगळेच वाढतात आणि एकमेकांत मिसळून जातात. मग रोग कोणी केला, हे कसं ठरवायचं? कॉख यांनी सूपऐवजी घट्ट पृष्ठभाग घेतला. त्यावर जंतू विरळ पसरले की प्रत्येक जंतू जिथे पडला तिथेच अडकतो, तिथेच त्याची संतती वाढते आणि दोन दिवसांत डोळ्यांना दिसेल असा एक ठिपका तयार होतो. त्या ठिपक्यातले सगळे एकाच मुळाचे. प्लॅटिनमच्या तारेचं टोक त्याला लावून उचललं की एका जातीची शुद्ध वाढ हाती आली. सुरुवातीला यासाठी जिलेटीन वापरत, पण शरीराच्या तापमानाला ते वितळून पाणी होई. हा घोळ सोडवला फॅनी हेस या बाईंनी. त्यांचे पती वॉल्टर कॉख यांच्याकडे काम करत होते. जावामध्ये राहिलेल्या ओळखीच्यांकडून फॅनीबाईंना समुद्रशेवाळाची अगर ठाऊक झाली होती आणि जेली करायला त्या ती घरात वापरत. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात चायना ग्रास म्हणून मिळते ती हीच. १८८७ मध्ये कॉख यांचे सहायक युलियस पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी काढली. नोव्ही बर्लिनला पोचले तेव्हा ही बशी एका वर्षाची होती.

शुद्ध वाढ मिळाली तरी काम संपत नसे. तोच जंतू प्रत्येक रोग्यात सापडला पाहिजे, तो वेगळा करून निरोगी प्राण्याला टोचला की तोच रोग झाला पाहिजे, आणि त्या प्राण्यातून तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे. ही साखळी कुठेही तुटली तर दावा मागे घ्यायचा. कॉख यांच्या शाळेचा हा नियम नोव्हींनी इतका मनावर घेतला की स्वतः कॉख यांनीही कदाचित तो इतक्या काटेकोरपणे पाळला नसता. (१८९० मध्ये क्षयावर औषध सापडल्याची घाई कॉख यांनी केलीच, ते ट्यूबरक्युलिन औषध म्हणून फसलं.)

परतल्यावर १८८९ च्या सुरुवातीला अ‍ॅन आर्बर या लहानशा गावात व्हॉन आणि नोव्ही यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी जंतुशास्त्राचा तीन महिन्यांचा प्रयोगशाळेतला अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमांत त्याची गणना होते. इथे व्याख्यानापेक्षा हाताला काम जास्त. विद्यार्थ्याने स्वतः सूप उकळायचं, गाळायचं, नळ्यांत भरायचं, कापसाचे बोळे लावायचे, वाफेवर निर्जंतुक करायचं. मग जंतू पेरायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, चित्रं काढायची. १८९४ मध्ये नोव्हींनी याच कामाचं मार्गदर्शक पुस्तक छापलं. आज आपल्याकडचा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ग्रॅमच्या रंगाने बोटं जांभळी करून घेत मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला कुरकुरतो. त्या कुरकुरीचा इतिहास असा जुना आहे.

पण सगळ्या भावी डॉक्टरांना हे कशाला? त्या काळात हा प्रश्न रास्तच होता. जंतू ओळखला तरी त्यावर औषध नव्हतं. घटसर्पाचं प्रतिविष सोडलं तर १८९० च्या दशकात डॉक्टरच्या पिशवीत जंतूंविरुद्ध टाकण्याजोगं फार काही नव्हतं. याला मिशिगनचं उत्तर व्यवहारी होतं. राज्याच्या आरोग्य मंडळाला गावोगावच्या पाण्याची तपासणी हवी होती. टायफॉइड दरवर्षी माणसं नेत होता, आणि विहीर की नदी की शेजाऱ्याचा संडास, हे सांगणारं कुणी नव्हतं. १८८७ मध्ये मंजूर झालेली विद्यापीठाची आरोग्य प्रयोगशाळा या कामासाठीच उभी राहिली आणि पैसाही त्यातूनच आला. संशोधन त्याच्या आडोशाने वाढलं. सरकारी पैशाने चालणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांचं असंच असतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

या सुरुवातीच्या वर्षांतलं सगळंच टिकलं असं मात्र नाही. १८८८ मध्ये व्हॉन आणि नोव्ही यांनी टोमेन या विषयावर जाडजूड पुस्तक काढलं. प्रथिनं सडताना काही विषारी क्षार तयार होतात आणि शिळ्या अन्नाची विषबाधा त्यांच्यामुळे होते, अशी ती उपपत्ती. पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या, नाव बदललं, आणि उपपत्ती मात्र हळूहळू मोडीत निघाली. विषबाधा करतात ते जंतू आणि त्यांची विशिष्ट विषं, हे स्पष्ट झालं. टोमेन हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत नंतरही कितीतरी वर्षं भुतासारखा हिंडत राहिला. नोव्ही तोवर त्यातून बाहेर पडून दुसरीकडे पोचले होते.

दुसरीकडे म्हणजे हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंकडे. १८९४ मध्ये दुधापासून काढलेलं एक द्रव्य टोचल्यावर काही गिनीपिग भराभर मेले. द्रव्य विषारी असेल, असं म्हणून विषय संपवता आला असता. नोव्हींनी मेलेल्या प्राण्यांतून जंतू शोधला. तो साध्या बशीत वाढेना, कारण प्राणवायू लागला की तो मरे. हवा काढून टाकलेल्या, हायड्रोजन भरलेल्या भांड्यात तो वाढला. या कामासाठी नोव्हींनी स्वतः काचेचं भांडं तयार केलं. ‘नोव्ही जार’ म्हणून ते अनेक दशकं प्रयोगशाळांत वापरात होतं. जंतूला त्यांनी नाव दिलं तेही रुक्ष, घातक सूज आणणारा दुसरा जंतू अशा अर्थाचं. शोधनिबंध जर्मनमध्ये छापून आला आणि जवळजवळ विसरला गेला.

वीस वर्षांनी पहिलं महायुद्ध पेटलं. फ्रान्सच्या खत घातलेल्या शेतजमिनीत खंदक खणले गेले, तोफगोळ्यांनी माती जखमांत घुसवली आणि सैनिकांचे पाय सुजून, फुगून, काळे पडू लागले. वायुकोथ म्हणजेच गॅस गँग्रीन. १९१५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत वाइनबर्ग आणि सेगँ यांनी या जखमांतून एक जंतू वेगळा केला. तो नोव्हींचाच निघाला. आज त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम नोव्ही. २००० साली स्कॉटलंडमध्ये, विशेषतः ग्लासगोत, हेरॉइन टोचून घेणारी माणसं विचित्र सूज येऊन दगावू लागली, तेव्हा संशय याच जंतूवर स्थिरावला. आणि त्यानंतरची गोष्ट याहून नवलाची. मोठ्या कर्कगाठीच्या गाभ्यात रक्तपुरवठा कमी, म्हणून प्राणवायूही कमी असतो. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी या जंतूचं मुख्य विष बनवणारा जनुक काढून टाकला आणि त्याचे बीजाणू गाठीत सोडले. ते नेमके त्या प्राणवायूहीन भागात रुजतात आणि आतून गाठ खाऊ लागतात. २०१४ मध्ये कुत्र्यांवरचे आणि एका रुग्णावरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार म्हणून अजून तो रूढ झालेला नाही. पण ‘द्रव्य विषारी असेल’ म्हणून ते गिनीपिग फेकून दिले असते, तर हा जंतू एवढ्यात हाती लागला नसता.

आता प्लेगकडे येऊ. इथे नोव्हींच्या गोष्टीत मुंबई शिरते.

१८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला आणि अलेक्झांडर येर्सँ यांनी तिथे त्याचा जंतू शोधला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचं निदान केलं. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतीत एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर त्यांनी प्लेगचे जंतू सूपमध्ये वाढवून, उष्णतेने मारून लस केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. प्लेग मात्र जहाजांतून पुढे निघाला होता. १९०० च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत एक कामगार मरण पावला आणि त्याच्या जांघेतली गाठ संशयास्पद ठरली.

बंदरावरचे केंद्रीय आरोग्य अधिकारी होते जोसेफ किन्यून. तेही युरोपात जंतुशास्त्र शिकून आलेले. त्यांनी गाठीतला द्रव गिनीपिग, उंदीर आणि माकडाला टोचला. प्राणी मरेपर्यंतचे दिवस शहरातल्या वर्तमानपत्रांनी किन्यून यांची टिंगल करण्यात घालवले. प्राणी मेले, तरी टिंगल थांबली नाही. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर हेन्री गेज यांची भूमिका ठाम होती की प्लेग नाहीच. त्यामागचं कारण उघड होतं. प्लेग जाहीर झाला की इतर राज्यं फळं आणि धान्य नाकारणार, जहाजं दुसऱ्या बंदरात जाणार. भरीस भर म्हणून सरकारी यंत्रणेने चिनी वस्तीला दोरखंड बांधून वेढा घातला आणि हाफकिनची लस टोचून घेतल्याखेरीज चिनी-जपानी लोकांना शहर सोडता येणार नाही असा हुकूम काढला. गोऱ्यांना हुकूम लागू नव्हता. चिनी व्यापारी संघटना कोर्टात गेली आणि १९०० च्या मे महिन्यात न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी हुकूम रद्द केला, कारण जंतू माणसाचा वंश पाहून लागत नाही. मुंबईत जन्मलेली लस अमेरिकेच्या समानतेच्या कायद्याची एक कसोटी ठरली. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठे येत नाही, यावं.

पुण्यात १८९७ मध्ये उलटा प्रकार झाला होता. तिथे सरकार घरात घुसून प्लेग शोधत होतं, लोक तो लपवत होते, आणि त्या छळाचा शेवट प्लेग अधिकारी रँड यांच्या खुनात झाला. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी लोक लपवत होते आणि राज्य सरकारही लपवत होतं. जंतू दोन्हीकडे एकच.

वॉशिंग्टनने शेवटी १९०१ च्या जानेवारीत तिघांची समिती पाठवली. पेनसिल्व्हेनियाचे सायमन फ्लेक्सनर, शिकागोचे लुएलिस बार्कर आणि मिशिगनचे नोव्ही. तिघेही विद्यापीठातले, कुणीही सरकारी नोकर नाही. त्यांची पद्धत शाळेतलीच. मृतदेह तपासायचा, गाठ कापून काचपट्टीवर तिचा लेप घ्यायचा. प्लेगचा जंतू रंगवला की दोन्ही टोकांना गडद आणि मधे फिका दिसतो. मग बशीत शुद्ध वाढ, मग प्राण्याला टोचणं, मग त्या प्राण्यातून परत तोच जंतू. दुभाषा बरोबर घेऊन ते चिनी वस्तीतल्या दाटीवाटीच्या खोल्यांत फिरले. काही आठवड्यांत त्यांनी प्लेगचे सहा मृत्यू सिद्ध केले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस अहवाल दिला, प्लेग आहे.

आता सगळं मार्गी लागायला हवं होतं. पण गव्हर्नरांची माणसं वॉशिंग्टनला गेली, बोलणी झाली आणि अहवाल दाबून ठेवायचं ठरलं. बदल्यात राज्याने सफाई करायची. अहवाल वर्तमानपत्रांतून फुटला तेव्हा एप्रिलमध्ये सरकारला तो छापावाच लागला. किन्यून यांची मात्र बदली झाली. १९०४ पर्यंत चाललेल्या त्या साथीत सुमारे १२० जणांना प्लेग झाला आणि त्यातले बहुतेक सगळे मेले. मुंबईच्या आकड्यांपुढे हे काहीच नाही. पण त्या काळात प्लेग तिथल्या उंदरांतून रानातल्या खारींत गेला आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात तो आजही आहे. प्लेग नाकारण्यात घालवलेल्या वर्षांची ही किंमत म्हणायला हरकत नाही.

नोव्ही परत आले ते प्लेगचे जंतू बरोबर घेऊन. त्या वसंतात त्यांच्या प्रयोगशाळेत प्लेगची प्रतिबंधक लस तयार करण्याचं काम चालू होतं, आणि मदतीला असलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याला प्लेग झाला. तोही फुप्फुसाचा, म्हणजे खोकल्यातून पसरणारा. गावात घबराट उडाली. त्याला वेगळं ठेवलं, येर्सँ यांचं प्रतिविष दिलं. शुश्रूषेसाठी एक सहाध्यायी स्वतःहून त्याच्याबरोबर विलगीकरणात राहिला. रोगी वाचला आणि दुसऱ्या कुणालाही लागण झाली नाही. आज अशा जंतूंसाठी बंदिस्त खोल्या, उलटा वायुप्रवाह, विशेष पोशाख असतात. तेव्हा साधं टेबल आणि शिस्त एवढंच होतं, आणि तरुण माणसांची शिस्त केव्हा ना केव्हा ढळतेच. त्या मुलाला त्या टेबलापाशी बसवायला नको होतं, असं मला वाटतं; नोव्हींच्या बाकीच्या कर्तबगारीने हे झाकू नये.

हाफकिनच्या लसीचं दुर्दैव १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी घडलं. एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. धनुर्वाताचा जंतूही हवेचा वैरी, नोव्हींनी आयुष्य घातलं त्याच कुळातला. दोष प्रयोगशाळेचा की गावात बाटली उघडताना झालेल्या चुकीचा, हा प्रश्न पुराव्याने सुटण्यासारखा होता, पण हाफकिन आधी पदावरून गेले आणि पुरावा नंतर वाचला गेला. १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूने पत्र लिहिलं. रोनाल्ड रॉस त्यात पुढे होते, आणि सही करणाऱ्यांत नोव्हींचे सॅन फ्रान्सिस्कोतले सहकारी फ्लेक्सनरही होते.

१९०२ मध्ये मिशिगनमध्ये जंतुशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला आणि नोव्ही त्याचे प्रमुख. पुढच्याच वर्षी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस देणारं पाश्चर केंद्र त्यांच्या देखरेखीखाली निघालं. पण शास्त्रीय दृष्ट्या १९०३ हे साल वेगळ्या कामासाठी महत्त्वाचं. उंदरांच्या रक्तात वळवळणारा ट्रिपॅनोसोम हा एकपेशीय प्राणी, म्हणजे आदिजीव. टिमथी लुइस या ब्रिटिश डॉक्टरने तो कलकत्त्यात उंदरांच्या रक्तात पाहिला होता. त्याचे भाऊबंद आफ्रिकेत गुरांना आणि माणसांना मारत होते. जंतू बशीत वाढत. हे आदिजीव जिवंत प्राण्याबाहेर वाढतील असं कुणाला वाटत नव्हतं. नोव्ही आणि त्यांचे विद्यार्थी वॉर्ड मॅकनील यांनी अगरमध्ये सशाचं रक्त मिसळलं, नळी तिरपी ठेवून गोठवली आणि तळाशी जमणाऱ्या ओलाव्यात आदिजीव सोडले. ते वाढले. आधी उंदरातला, मग त्सेत्से माशीमुळे गुरांना होणाऱ्या नगाना रोगाचा. रोग आणणारा आदिजीव निर्जीव माध्यमात वाढवण्याची ही पहिली वेळ. ट्युनिसच्या शार्ल निकोल यांनी हे माध्यम थोडं बदलून काळ्या आजाराच्या परजीवीसाठी वापरलं; तिघांच्या आडनावांवरून (मॅकनीलमधला ‘नील’ धरून) त्याला एनएनएन म्हणतात. बंगाल-बिहारमध्ये काळ्या आजाराच्या निदानासाठी ते पुढे कित्येक पिढ्या वापरलं गेलं.

याच सुमारास जर्मनीचे फ्रिट्झ शाउडिन यांनी एक चित्तवेधक दावा केला. घुबडाच्या रक्तातले परजीवी डासाच्या पोटात जाऊन रूपं बदलतात, ट्रिपॅनोसोम होतात, आणि त्यातले काही स्पायरोकीट म्हणजे मळसूत्री जंतू होतात, असं ते म्हणत. शाउडिन हा माणूस लहान नव्हता. १९०५ मध्ये उपदंशाचा जंतू त्यांनीच दाखवला. सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक रूपं दिसत असली की मन त्यांची गोष्ट गुंफतं. नोव्हींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, नमुना शुद्ध आहे का? एका पक्ष्यात दोन-तीन परजीवी एकाच वेळी असू शकतात. डासाच्या पोटात त्याचे स्वतःचे, पक्ष्याशी संबंध नसलेले प्रवासी असू शकतात. त्यांनी आणि मॅकनील यांनी पक्षी तपासले, डास तपासले, प्रत्येक जीव वेगळा करून नळीत वाढवला. नळीत कुणी कुणाचं रूप घेईना. शाउडिन १९०६ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारले, आणि त्यांच्या त्या उपपत्तीचाही लौकरच निकाल लागला.

अशा माणसाचे निबंध फार निघत नाहीत. नोव्ही वर्षानुवर्षं एखाद्या विषयावर काम करत आणि पुरेसा पुरावा नाही म्हणून तो कपाटात ठेवून देत. आजच्या विद्यापीठीय हिशेबात त्यांची बढती अडली असती. विद्यार्थ्यांवर मात्र याचा जबर ठसा उमटला. त्यातले एक पॉल डी क्रूफ. १९१६ मध्ये नोव्हींकडे पीएचडी करून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले, तिथून वाद होऊन बाहेर पडले, आणि सिंक्लेअर लुइस या कादंबरीकाराशी त्यांची गाठ पडली. दोघांच्या गप्पांतून १९२५ ची ‘अ‍ॅरोस्मिथ’ ही कादंबरी झाली. त्यातले कठोर, तुसडे, सत्याखेरीज कशाचीच पर्वा नसलेले प्राध्यापक मॅक्स गॉटलिब हे नोव्ही आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॅक लोब या दोघांच्या मिश्रणातून घडले. पुढच्याच वर्षी डी क्रूफ यांचं ‘मायक्रोब हंटर्स’ आलं आणि जंतुशास्त्रज्ञ ही वीरपुरुषांची जात झाली. नोव्हींना हे वीरत्व मानवलं असतं असं वाटत नाही. प्राध्यापक म्हणून त्यांचा बराचसा वेळ नळ्या धुतल्या गेल्यात का, हे बघण्यात जाई.

१९३३ ते १९३५ ते वैद्यकीय शाळेचे डीन होते. मग निवृत्त झाले. त्यांचा पत्रव्यवहार आणि कागद आज अ‍ॅन आर्बरच्या बेंटली इतिहास ग्रंथालयात आहेत. अशा कागदांची गोडी वेगळी असते. छापील निबंधात शास्त्रज्ञाने काय सिद्ध केलं एवढंच कळतं. पत्रांत आणि टिपणांत त्याने काय सिद्ध न झाल्यामुळे सोडून दिलं, हेही कळतं. नोव्हींसारख्या हात राखून छापणाऱ्या माणसाच्या बाबतीत दुसरी बाजू फार मोठी असते. मिशिगनचेच एक डॉक्टर-इतिहासकार पॉवेल कझांजियन यांनी २०१७ मध्ये नोव्हींवर पुस्तक लिहिलं.

कपाटात पडलेल्या गोष्टींपैकी एक मात्र कागदाची नव्हती. १९०९ मध्ये ट्रिपॅनोसोमचं काम चालू असताना काही उंदीर असे मेले की त्यांच्या रक्तात ट्रिपॅनोसोम सापडेना, जंतूही सापडेना. रक्त बारीक गाळणीतून गाळलं, तरी गाळलेला द्रव दुसऱ्या उंदराला मारत होता. म्हणजे जंतूहून लहान काहीतरी. विषाणू हा शब्द आजच्या अर्थाने अजून रुळायचा होता. नोव्हींनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, डी क्रूफही त्यात आले, अनेक वर्षं त्यावर प्रयोग केले, मजकूर छापला नाही, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात विषाणू असलेल्या रक्ताच्या नळ्या हरवल्या. विषाणू नाही तर पडताळा नाही, आणि पडताळा नाही तर निबंध नाही. विषय तिथेच थांबला.

१९५१ च्या सुमारास त्या नळ्या सापडल्या. तीस वर्षांहून अधिक काळ त्या बंद होत्या. आतलं रक्त उंदरांना टोचलं, उंदीर मेले. विषाणू जिवंत होता. विभागातल्या तरुण संशोधकांनी तो पुन्हा वेगळा करून त्याचा पडताळा घेतला आणि १९५३ मध्ये ‘जर्नल ऑफ इन्फेक्शस डिसीझेस’ या नियतकालिकात दोन निबंध लागोपाठ छापून आले. एक त्या तरुणांचा, नळ्यांतून विषाणू परत मिळाल्याचा. दुसऱ्या निबंधात १९०९ पासूनचं जुनं काम होतं आणि त्यावर पहिलं नाव नोव्हींचं होतं. ते तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. सहलेखकांत डी क्रूफ यांचंही नाव होतं. प्रयोगशाळा सोडून त्यांना तीन दशकं झाली होती, मधल्या काळात त्यांची पुस्तकं लाखोंनी खपली होती, आणि आता विद्यार्थी असताना केलेलं काम मास्तरांनी त्यांच्या नावानिशी छापायला दिलं होतं. नोव्ही त्यानंतर चार वर्षांनी, ऑगस्ट १९५७ मध्ये, अ‍ॅन आर्बरमध्येच वारले.